ठणका थांबला म्हणजे दाढ बरी झाली का?

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहे. वय ४३. तीन वर्षांपूर्वी सुपारी फोडताना उजवीकडची खालची दाढ तुटली, तेव्हा तिच्यावर कॅप बसवली. या दिवाळीनंतर त्याच दाढेत ठणका सुरू झाला. रात्री आडवं पडलं की जीव नकोसा व्हायचा, गरम चहा तोंडात घेववत नव्हता. पंधरा दिवस मेडिकलमधून गोळ्या आणून काढले. मग डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एक्स-रे काढला आणि म्हणाले, कॅपला वरून छिद्र पाडून रूट कॅनाल करावं लागेल. मी तर समजत होते की कॅप बसवली म्हणजे रूट कॅनाल झालेलंच आहे. तारीख घेतली, आणि त्याच आठवड्यात दुखणं आपोआप थांबलं. आता त्या बाजूने चावलं की जरा जड वाटतं आणि हिरडीवर बारीक पुळी आली आहे, एवढंच. आमचे हे म्हणतात, "दुखत नाही तं कायले पैसे घालतं? लयच वाटलं तं काढून टाक." सासूबाई म्हणतात, आठवडी बाजारात दाढेतले किडे काढून देणारा बसतो. इकडे कापसाची वेचणी चालू आहे, मजूर मिळत नाही. मला शुगरची गोळीही चालू आहे. जाऊ की नको? आणि चांगल्या कॅपला छिद्र पाडलं तर ती वाया जाणार का?
— एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर :

ताई, तारीख रद्द करू नका. जमलं तर दोन दिवस अलीकडे ओढून घ्या.

तुमच्या पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली. "हिरडीवर बारीक पुळी आली आहे, एवढंच." त्या "एवढंच"साठी मी हे लांबलचक उत्तर लिहिते आहे. तालुक्याच्या गावी दवाखाना चालवताना मी ठणक्याने कळवळत आलेले पेशंट रोज पाहते, आणि त्यांची मला फारशी काळजी वाटत नाही, कारण दुखणं त्यांना खुर्चीत आणून बसवतंच. काळजी वाटते ती तुमच्यासारख्यांची, ज्यांचं दुखणं तारखेच्या आधीच थांबतं.

झालं काय ते सांगते. दाढेच्या मधोमध एक छोटी पोकळी असते. तिच्यात नस आणि रक्तवाहिन्यांचा मऊ गर असतो, तो मुळांमधून खाली हाडाकडे उतरतो. हातापायाला लागलं तर सुजायला जागा असते. या गराला ती नसते, चारी बाजूंनी दाताची कडक भिंत असते. आत सूज आली की तो आपल्याच दाबाखाली चेंगरतो. म्हणून आडवं पडल्यावर डोक्याकडे रक्ताचा दाब वाढला की ठणका चढतो, म्हणून गरम चहाच्या घोटाला कळ निघते. असं काही दिवस चाललं की गर मरतो. नसच मेल्यावर दुखतंय हे सांगायला आत कुणी उरत नाही. तुमचा ठणका थांबला तो असा, गोळ्यांनीही नाही आणि आपोआप बरं होऊनही नाही.

तो मेलेला गर दाढेत तसाच पडून आहे. तो काढून मुळांच्या नळ्या साफ करणं आणि भरणं, यालाच रूट कॅनाल म्हणतात. जंतू त्यावर वाढतात आणि मुळाच्या टोकातून बाहेर हाडात उतरतात. तिथे पू साचतो, हाड विरघळायला लागतं आणि एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळी सावली दिसते. साचलेला पू कुठून तरी वाट काढतोच. तुमच्या हिरडीवरची पुळी म्हणजे ती वाट. ती उघडी आहे तोवर आत दाब चढत नाही, म्हणून दुखत नाही, नुसतं जड वाटतं. सकाळी उठल्यावर तोंडात खारट, घाण चव येत असेल तर ती पुळी रात्रीतून फुटलेली असते. ती बसेल, पुन्हा येईल. सुईने फोडू नका, दाबू नका.

आणि ही वाट बंद झाली तर? काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक शेतकरी आले होते. त्यांचीही खालची दाढ, त्यांचाही ठणका थांबला म्हणून तारीख चुकवलेली. चार महिन्यांनी आले तेव्हा जबड्याखालचा भाग दगडासारखा कडक सुजलेला, जीभ वर उचललेली, थुंकी गिळता येत नव्हती. मी त्यांना हातही लावला नाही, तशाच गाडीत घालून यवतमाळला पाठवलं. ते वाचले, पण त्यांच्या बायकोचा त्या रात्रीचा चेहरा मी विसरलेले नाही. हे घाबरवायला लिहीत नाही. दर पुळीचं असं होत नाही. पण पुढच्या गोष्टींतली एकही दिसली तर तारखेची वाट पाहू नका: सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकणं, तोंड उघडता न येणं, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास, थंडी वाजून ताप. रात्र असो की दिवस, १०८ ला फोन करून यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा.

आता कॅपकडे वळते, कारण तिथे तुमच्या मनात फसवणूक झाल्याची शंका आहे, आणि ती बहुतेक खरी नाही.

कॅप म्हणजे घरावरचे टिनपत्रे. छपरावर नवे पत्रे घातले म्हणून आतल्या माणसाचं दुखणं बरं होत नाही, आणि आतला माणूस आजारी नसला तरी पत्रे घालावे लागतातच. दाढेचा तुकडा पडला, पण नस शाबूत आहे, असं असेल तर नस न काढता वरून कॅप बसवणं ही रीतच आहे. जिवंत दाढ शक्यतो जिवंत ठेवावी, असंच आम्हाला शिकवतात. पण कॅप बसवायला दाढ चहूबाजूंनी घासावी लागते. धातूवर सिरॅमिक चढवलेली कॅप असेल तर चावायच्या बाजूने दीड ते दोन मिलिमीटर दात जातो. त्याआधी ती दाढ सुपारीने तुटलेली, म्हणजे एक धक्का खाल्लेली. काही दाढा हे सगळं सोसतात. काहींची नस दोन-चार वर्षांनी, कधी त्याहून उशिरा, हळूहळू दम सोडते. कधी कॅपच्या कडेला हिरडीजवळ अन्न अडकून आत कीड शिरते, आणि वरून पांढरीशुभ्र कॅप दिसत राहते.

म्हणून पहिल्या डॉक्टरांवर रागावण्याआधी एक करा. एक्स-रे मागून स्वतः पाहा. दाढेच्या मुळांमध्ये वरपासून खालपर्यंत ठळक पांढऱ्या रेघा दिसल्या तर रूट कॅनाल आधीच झालेलं आहे, आणि आता जे करायचं ते दुसऱ्यांदा, जुनं भरलेलं काढून. ते काम अवघड असतं, त्याला रूट कॅनालचाच तज्ज्ञ हवा. रेघा नसतील तर दाढ आजवर कुणी उघडलेलीच नव्हती. तुमच्या डॉक्टरांच्या बोलण्यावरून मला हेच वाटतं.

छिद्र पाडल्याने कॅप वाया जाते का? बहुतेक वेळा नाही. चावायच्या बाजूला मधोमध, साधारण मसुराच्या दाण्याएवढं छिद्र पाडतात, त्यातून सगळं काम होतं आणि शेवटी ते दाताच्या रंगाच्या पक्क्या सिमेंटने बुजवतात. कॅप तिथेच राहते. सिरॅमिकचा टवका उडण्याची शक्यता असते, आणि चांगला डॉक्टर ती आधीच सांगतो. पण काही वेळा कॅप काढणंच बरं. ती हलत असेल, कडेला फट पडली असेल, आत कीड शिरली असेल तर वरून छिद्र पाडून काम उरकणं म्हणजे कुजलेल्या वाशावर तेच पत्रे ठेवण्यासारखं. धातूच्या कॅपखालची कीड एक्स-रेत झाकली जाते, त्यामुळे कधी कधी हे आत शिरल्यावरच कळतं. तसं झालं आणि डॉक्टरांनी मध्येच "कॅप बदलावी लागेल" म्हटलं, तर त्यांनी खर्च वाढवला असं समजू नका. मात्र हे दोन्ही खर्च, रूट कॅनालचा वेगळा आणि लागलीच तर नव्या कॅपचा वेगळा, सुरुवातीलाच कागदावर लिहून मागा. संकोच करू नका. मी स्वतः लिहून देते, त्याने पेशंटचा आणि माझा, दोघींचा जीव शांत राहतो.

खुर्चीत काय होईल तेही सांगते, कारण न पाहिलेल्याची भीती जास्त असते. खालच्या दाढेसाठी जबड्याच्या मागच्या बाजूला एक इंजेक्शन देतात. थोड्या वेळात अर्धा ओठ आणि जिभेची कड बधिर होते. तुमची नस मेलेली असेल तर कळ फारशी लागणारच नाही. एखाद्या मुळात थोडी जिवंत उरली असेल तर लागेल, तेव्हा डावा हात वर करा, आणखी भूल देता येते. मग कॅपवर मशीन चालतं. सिरॅमिकवर एक आवाज, खालच्या धातूवर दुसरा, कर्कश, सबंध डोक्यात घुमणारा. पाण्याचा फवारा चालू असतो. आवाज वाईट असतो, पण दुखत नाही. डॉक्टर इथे हळू जातात, आणि तसंच जायला हवं, कारण कॅपचा आकार खालच्या दाढेच्या आकाराशी जुळतोच असं नाही. दाढ आत थोडी कललेली असली आणि कॅप सरळ बसवलेली असली, तर घाईत मशीन बाजूच्या भिंतीतून बाहेर जाऊ शकतं.

आत शिरल्यावर मुळांच्या नळ्या शोधतात. खालच्या पहिल्या मोठ्या दाढेत त्या बहुधा तीन असतात, काहींना चार. केसासारख्या बारीक सुया एकेका नळीत घालून आतला मेलेला गर खरवडून काढतात. नळी कुठे संपते हे सांगणारं एक यंत्र असतं, ते बीप-बीप वाजतं. सुई कॅपच्या धातूला टेकली तर ते चुकीचं सांगतं, म्हणून डॉक्टर पुन्हा पुन्हा पुसतील, पुन्हा मोजतील. ते करतात म्हणून वैतागू नका. मध्येच तुम्हाला एक ओळखीचा वास येईल. ग्रामपंचायतीचा माणूस पावसाळ्यात गावविहिरीत ब्लीचिंग पावडर टाकतो ना, तोच. नळ्या धुवायचं औषध त्याच कुळातलं आहे. ते घशात उतरू नये म्हणून दाढेभोवती पातळ रबराचा पडदा ताणून लावतात. डॉक्टरांना तो लावायला सांगा.

तुम्हाला पू आहे, त्यामुळे एका बैठकीत आटपेल असं धरून चालू नका. नळ्या धुऊन आत एक पांढरं औषध भरतात आणि एक-दोन आठवडे ठेवतात. ते औषध म्हणजे मुळात विझवलेला चुना, पण शुद्ध केलेला आणि मोजून भरलेला. पानाच्या डबीतला चुना घरी दाढेत भरू नका, हिरडी भाजते. पुळी बसली, चावताना जड वाटणं गेलं, की पुढच्या बैठकीत नळ्यांमध्ये गुटापर्चाच्या गुलाबी काड्या भरून छिद्र पक्कं बुजवतात. ही गुटापर्चा झाडाच्या चिकापासून निघते, रबरासारखी.

आणि आता ज्या गोष्टीवर मला सगळ्यात जास्त जोर द्यायचा आहे ती. दोन बैठकांच्या मधे छिद्रात तात्पुरतं सिमेंट असतं. ते थोड्या आठवड्यांपुरतंच असतं. माझ्या आईच्या दाढेचं रूट कॅनाल चालू होतं, मी तेव्हा शिकायला बाहेरगावी. दुसऱ्या बैठकीनंतर दुखणं गेलं, तूर सोंगायला आली होती, ती गेलीच नाही. पुढे गहू, मग लग्नसराई. सिमेंट कधी झिजलं तिलाही कळलं नाही. लाळ आत झिरपत राहिली आणि कडा कुजून गेल्या. मी सुट्टीत घरी आले आणि तोंड उघडून पाहिलं तेव्हा दाढेचे नुसते मूळ-तुकडे उरले होते. ते काढावेच लागले. अर्ध्यावर सोडलेलं रूट कॅनाल हे न केलेल्यापेक्षा वाईट. त्यामुळे तारीख घेतानाच शेवटच्या बैठकीची तारीखही विचारा आणि वेचणी तिच्याभोवती बसवा.

"काढून टाक" हा सल्ला नेहमीच चूक असतो असं मी म्हणणार नाही. दाढ मुळापर्यंत उभी चिरलेली असेल तर काढावीच लागते, आणि सुपारीने तुटलेल्या दाढेत ही शंका राहतेच. डॉक्टर बोथट सुईने हिरडीचा खिसा मोजतील. एकाच जागी सुई खोल जात असेल तर चीर असण्याचा संभव असतो. तसंच कॅप काढल्यावर हिरडीच्या वर चहूबाजूंनी दोन मिलिमीटर तरी घट्ट दात उरला नसेल तर नवी कॅप धरून राहत नाही. अशा दाढेवर पैसे घालू नका, हे मीही सांगेन. पण या दोन्ही गोष्टी नसताना, केवळ स्वस्त पडतं म्हणून काढली, तर पुढचा खर्च उभा राहतो. शेजारची दाढ मोकळ्या जागेत कलते, वरची खाली उतरते, भाकर एकाच बाजूने चावावी लागते. मग ती जागा भरायला ब्रिज, म्हणजे शेजारचे दोन चांगले दात घासणं, किंवा हाडात स्क्रू बसवणं. तुम्ही ४३ च्या आहात. त्या दाढेने अजून तीसेक वर्षं भाकर चावायची आहे. भाऊंना हे माझ्या नावाने वाचून दाखवा.

सासूबाईंना दुखवू नका, पण बाजारात जाऊ नका. दाढेत अळी नसते. "कीड" हा आपला शब्दच फसवा आहे, ते काम डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंचं. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन पाण्यात जे बारीक पांढरं दाखवतात ते तुमच्या दाढेतून आलेलं नसतं, आणि तुमच्या दाढेवर तर घट्ट कॅप आहे, धूर आत जाणार कुठून? शेजारपाजारच्या कुणी दुखऱ्या दाढेत खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, धरायला सांगितला असेल तर तोही नको. खर्ऱ्याने दाढ बरी होत नाही, गालाची आतली कातडी मात्र कडक होत जाते आणि तोंड कमी उघडायला लागतं. असे पेशंट आमच्याकडे आले की मागच्या दाढेपर्यंत मशीन पोचतच नाही, मग वाचवता येण्यासारखी दाढही हातची जाते. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का पाहा. जात नसतील तर डॉक्टरांना आधीच सांगा.

मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या आता बंद करा. मेलेल्या गरात रक्त पोचत नाही, त्यामुळे अँटिबायोटिकही पोचत नाही. सूज पसरत असेल, ताप असेल तरच तिचा उपयोग, आणि तेही डॉक्टरांनी लिहून दिल्यावर. दुखण्याच्या गोळ्यांतल्या काही गोळ्या किडनीवर ताण देतात. शुगर असणाऱ्याने त्या स्वतःच्या मनाने पंधरा-पंधरा दिवस घेणं मला मुळीच पसंत नाही.

शुगरचं थोडक्यात. आत पू असला की शुगर चढते, आणि शुगर चढलेली असली की पू लवकर आटत नाही. तपासणी बरेच दिवसांत झाली नसेल तर तारखेच्या आधी करून रिपोर्ट घेऊन जा. त्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे जेवा, नेहमीची गोळी घ्या. उपाशी जाऊ नका. शक्यतो सकाळची वेळ मागा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका, फक्त सांगा.

खर्च खरोखर झेपणारा नसेल तर नागपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे कमी खर्चात होतं. वर्ध्याजवळ सावंगी मेघेला दंत महाविद्यालय आहे, अमरावतीलाही आहे. तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ जास्त लागतो, फेऱ्या जास्त होतात, पण काम मन लावून होतं. तुमच्या डॉक्टरांना हेही विचारा की ते स्वतः करणार की रूट कॅनालचे तज्ज्ञ ठरलेल्या दिवशी येतात. आपल्याकडे बऱ्याच दवाखान्यांत असे तज्ज्ञ आठवड्यातून एकदा येतात. कॅपमधून करायचं काम आहे, तज्ज्ञ मिळत असतील तर त्यांच्याच दिवशी जा.

तोवर त्या बाजूने कडक काही चावू नका. कोमट मिठाच्या पाण्याने दिवसातून तीन-चार वेळा चूळ भरा. ब्रश त्या दाढेवरूनही फिरवा, हिरडीतून रक्त आलं तरी. पुळी बसली तरी फसू नका, ती दिसत नसली तर कुठे होती ते डॉक्टरांना बोटाने दाखवा. कधी कधी ते त्या पुळीच्या तोंडातून एक बारीक गुलाबी काडी आत सरकवून एक्स-रे काढतात. काडीचं टोक ज्या मुळाशी जाऊन थांबतं, पू तिथला. तीन वर्षांपूर्वीची फाइल किंवा चिठ्ठी ट्रंकेत कुठे असेल तर आजच शोधून पिशवीत टाका, जुना एक्स-रे मिळाला तर फारच बरं.